फुंकर

उद्यमबागेत, बंद पडलेल्या आमच्या फौंड्रीच्या भिंतीवर
कडोलीच्या सुगंधानं गवा काढलाय.
म्हणजे गव्याची नुसती पाठ,
शिंगापासून शेपटीपर्यंत एका दमात ओढलेली.
उरलेला गवा भिंतीच्या पोपड्यांनीच पुरा केला.
रंग दुकानचा नव्हे. जांबोटीची तांबडी माती,
वस्त्रगाळ, अंड्याचा बलक घालून घोटलेली.

मोबाईलवर तिनं दाखवली मला
बदामीकडच्या कपारीतली जनावरं.
"किती वर्षांची गं?"
"मोजणारे भांडतात, मामा."
मग कुठल्या लांबच्या देशातल्या गुहेतले हात.
हात दगडावर ठेवायचा, तोंडात रंग घेऊन फुंकायचा,
उचलला की हाताएवढी जागा कोरी.
त्यातल्या काही हातांना बोटं कमी.

मी अडिव्याप्पाकडं बघितलं.
अडिव्याप्पानं हात खिशात घातला.

तीस वर्षं मी मोल्डर.
काकवी घातलेल्या वाळूत लाकडी पॅटर्न पुरायचा,
धुमसायचं, पेटी उलटायची,
आणि पॅटर्न असा काढायचा की वाळूला कळू नये.
मागं राहते ती पोकळी.
लोखंड सगळ्यांनी बघितलेलं असतं,
कुणाच्या विहिरीवरच्या पंपात, कुणाच्या ट्रॅक्टरात.
पोकळी फक्त मोल्डरनं,
तीही रस ओतेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं.
कोरा हात म्हणजे काय
ते मला कुणी सांगायला नको होतं.

रविवारी जमलो सगळे.
सुगंधा पपईच्या देठाच्या नळीनं फुंकू लागली
आणि रंगाचे ओघळ पार जमिनीपर्यंत.
म्हटलं, थांब पोरी. पोटातनं नको, गालातनं.
साच्यात पडलेला वाळूचा कण उडवताना
कड ढासळू नये म्हणून फुंकतात, तसं.
जन्मभर हीच तर फुंकर मारली,
खरं तिला कधी कुणी कला म्हटलं नव्हतं.

तोंडात माती घेतली. तुरट,
आणि मागनं ओळखीची चव.
लोखंडच की ते,
अजून भट्टी न बघितलेलं.

दस्तगीरचा हात झाला, ग्राइंडिंगवाल्याचा, फावड्याएवढा.
कँटीनच्या गंगव्वानं बांगड्या काढल्या नाहीत,
बांगड्याही उमटल्या, कोऱ्या, चार.
माझा झाला.
अडिव्याप्पा दाराशी बिडी ओढत होता.
चौऱ्याण्णव साली प्रेसनं घेतलेली त्याची दोन बोटं
त्यानंतर त्यानं फोटोतसुद्धा कधी येऊ दिली नाहीत.
बिडी विझवली, आला,
कुणाकडं न बघता पंजा भिंतीला लावला.
मी फुंकलं. हळू. कड सांभाळून.

हात काढला तर
बोटं तुटल्यासारखी दिसेनात.
तो बराच वेळ बघत राहिला.
"मडचिदंग ऐति," म्हणाला.
मिटल्यागत दिसतंय.
काहीतरी आत धरून ठेवल्यागत.

चार दिवसांनी ऑफिसातला एक माणूस आला, वही घेऊन.
पाटी कुठाय, कुठल्या भाषेत,
कुठली अक्षरं वर, केवढी मोठी?
सुगंधा म्हणाली, "पाटी नाही."
"मग हे काय आहे म्हणून लिहू?"
गंगव्वानं त्याला चहा दिला.
त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, बऱ्यापैकी लांब.
खरं जाताना मला वाटतंय मी बघितलं,
गव्याच्या पाठीवर त्यानं आपला तळवा
टेकवून बघितला.
कोरडाच.

एक गोष्ट सुगंधानं सांगितली नव्हती.
भिंतीवर राहतो तो कोरा हात.
रंगलेला हात आपल्याबरोबर घरी येतो.
साचा तिकडं, ओतीव इकडं.
जेवताना नात म्हणाली, आजोबा, हात धुवा की.
धुतला होता.
नखांच्या कडेला अजून आहे थोडा.
घासत नाही.